कोंकणी शिकायला गोव्यात शिक्षकाच्या घरी राहताय? आधी मराठी आवरा

गोव्यात वर्षभर राहिलेले कितीतरी मराठी लोक मला भेटतात. त्यांना कोंकणी सगळी समजते, पण बोलायची वेळ आली की ते मराठीवर येतात. ‘समजतं ना, मग बोलायला किती वेळ लागणार,’ हेही ते मराठीतच सांगतात. मीही त्यातलाच. नोकरीसाठी पणजीला आलो, एका कुटुंबात खोली घेतली आणि दोन महिन्यांनी पाहतो तर त्या घरातल्या मुलांचं मराठी छान सुधारलेलं, माझी कोंकणी मात्र ‘देव बरें करूं’च्या पुढे सरकलेली नव्हती. पुढे फोंड्याजवळ एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेच्या घरी चार महिने काढले, तिथे गाडी रुळावर आली.

फरक राहण्याच्या पद्धतीत होता. नुसतं घरात राहून भाषा येत नाही. घर कसं निवडलं, आधी काय ठरवलं आणि कुठली गोष्ट कुठल्या आठवड्यात केली यावर सगळं अवलंबून असतं. खालचा क्रम मराठी येणाऱ्यांसाठीच आहे. ज्याला मराठी येत नाही त्याच्या अडचणी वेगळ्या असतात, आणि खरं सांगायचं तर आपल्यापेक्षा सोप्या असतात.

## १. कुठली कोंकणी, ते आधी ठरवा

पेडण्याची, बार्देशची, सासष्टीची, अंत्रुजची म्हणजे फोंडा भागातली आणि काणकोणची कोंकणी ऐकायला वेगवेगळी लागते. देवनागरीत लिहिली जाणारी प्रमाण कोंकणी बरीचशी अंत्रुजच्या वळणाची आहे. वाचन-लेखन करायचं असेल, सरकारी कामकाजाशी संबंध येणार असेल, तर फोंडा परिसर सोयीचा. नोकरी मडगावात असेल आणि दिवसभर सासष्टीतल्या ख्रिस्ती लोकांशी बोलायचं असेल, तर तिथलंच घर बघा. तिथे खिडकीला ‘जनेल’, खुर्चीला ‘कदेल’ आणि चमच्याला ‘कुलेर’ म्हणतात, आणि चर्चच्या सूचना, तियात्राची म्हणजे कोंकणी नाटकांची पोस्टरं रोमी (रोमन) लिपीत असतात. ती लिपी दोन दिवसांत डोळ्यांत बसते: ‘एक्स’ दिसला की श, शब्दाच्या शेवटी ‘एम’ दिसला की बहुतेक वेळा अनुस्वार.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. सासष्टीतल्या अनेक घरांत मराठी चालतच नाही, आणि शिकणाऱ्यासाठी हा मोठा फायदा आहे. अंत्रुजच्या हिंदू घरात शब्द ओळखीचे वाटतात, पण घरातले सगळे मराठी वाचणारे, मराठी नाटकं बघणारे. तुमचं मराठी ऐकलं की सौजन्य म्हणून ते मराठीत उत्तर देणार. सोपं घर हवं की भाग पाडणारं, हा निर्णय तुमचा.

सावधान: मालवणी येत असेल तर अर्धं काम झालं असं धरून चालू नका. ‘माका व्हया’ म्हणणाऱ्याला ‘म्हाका जाय’ तोंडात बसवायला नवख्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

## २. घर आणि शिक्षक निवडणं

चौकशी करायला तीन जागा चांगल्या: ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठातला कोंकणी विभाग, आल्त पर्वरीचं थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र आणि गोवा कोंकणी अकादमी. ते घर शोधून देतील असं नाही, पण शिकवणाऱ्या माणसांची नावं तिथे कळतात. दुसरी वाट म्हणजे प्राथमिक शाळेत कोंकणी शिकवणाऱ्या शिक्षिका. लहान मुलांना शिकवलेलं माणूस एकच गोष्ट दहादा सांगताना वैतागत नाही. मोठे अभ्यासक बहुधा व्युत्पत्तीत शिरतात आणि तासभर मराठीतच बोलतात.

शिक्षकाइतकंच घरातलं बाकीचं माणूस महत्त्वाचं. दिवसभर घरात असणारं एक वयस्क माणूस आणि एक लहान मूल, हे दोघं असतील तर घर हातचं सोडू नका. दोघंही तुमच्यासाठी भाषा बदलत नाहीत. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते शिक्षिकेच्या सासूबाईंनी, आणि आपण शिकवतोय याचा त्यांना पत्ताही नव्हता.

खोली बघायला जाल तेव्हा ही परीक्षा घ्या. दारातच म्हणा: ‘हांव मराठी. कोंकणी शिकपाक सोदतां. म्हजे कडेन कोंकणींतूच उलयात.’ (मी मराठी. कोंकणी शिकायचीय. माझ्याशी कोंकणीतच बोला.) मग घड्याळ न दाखवता दहा मिनिटं मोजा. तुम्ही अडखळलात तरी ते कोंकणीत राहिले, हळू बोलले, हातवारे केले, तर घर चांगलं. दुसऱ्याच वाक्याला मराठी सुरू झालं तर चहा घ्या, आभार माना आणि पुढचं घर बघा. माणसं गोड असतात म्हणून मोह होतो. माझे पहिले दोन महिने याच मोहात गेले.

## ३. पैसे आणि नियम बोलून घ्या

राहणं-जेवण आणि शिकवणं यांचे पैसे वेगळे ठरवा. एकत्र ठरवले की पंधरा दिवसांत शिकवणं गळतं आणि तुम्ही निव्वळ भाडेकरू उरता. वेगळे असले की ‘आज तास झाला नाही’ हे दोन्ही बाजूंना संकोच न होता म्हणता येतं. बाकी एवढं बोलून ठेवा:

- तास रोज किती वाजता आणि किती वेळ. एक तास भरपूर. दोन तासांत दोघंही दमतात.
- मराठी कधी चालेल. आमच्याकडे रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं होती. दिवसभर अडलेलं सगळं त्या वेळात मराठीत विचारायचं, मग दार बंद.
- चूक कशी दुरुस्त करायची. वाक्य तोडू नये, मी संपवल्यावर बरोबर वाक्य एकदा म्हणावं, एवढंच मी मागितलं.
- आवाज टिपून घेतला तर चालेल का. घरातल्या प्रत्येकाला विचारा, आजीलासुद्धा.
- सुट्ट्या. चवथीच्या म्हणजे गणेश चतुर्थीच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरतं, नाताळात ख्रिस्ती घर. नवख्या माणसाने त्याच आठवड्यात राहायला जाऊ नये.

दिवस निवडायचे असतील तर जूनच्या अखेरीपासून चवथीपर्यंतचे बघा. पावसात माणसं घरात असतात आणि बोलायला वेळ असतो.

सावधान: ‘कोंकणी म्हणजे शेवटी मराठीचीच बोली’ हे वाक्य जेवणाच्या ताटावर काढू नका. 1987 च्या कायद्याने देवनागरीतली कोंकणी ही गोव्याची राजभाषा आहे आणि 1992 पासून ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे. या वादात अनेक घरांनी वर्षं घालवली आहेत. तुम्ही शिकायला आला आहात.

## ४. जाण्याआधीचे पंधरा दिवस

व्याकरणाचं पुस्तक आणू नका. एक वही आणि खालची वाक्यं एवढं पुरे. ही वाक्यं झोपेतून उठवलं तरी म्हणता आली पाहिजेत, कारण मराठीला पळवाट मिळते ती नेमकी इथेच:

- हाका कोंकणींत कितें म्हणटात? (याला कोंकणीत काय म्हणतात?)
- म्हाका समजूंक ना. (मला समजलं नाही.)
- परत एक फावट सांगात. (पुन्हा एकदा सांगा.)
- सवकास उलयात. (सावकाश बोला.)
- म्हजें चुकल्यार सांगात. (माझं चुकलं तर सांगा.)
- म्हाका खबर ना. (मला माहीत नाही.)
- पुरो. (बास.) हे जेवताना लागतंच.

सोबत रोज पंधरा मिनिटं आकाशवाणी पणजीच्या कोंकणी बातम्या ऐका. अर्थ लावत बसू नका, नाकातले स्वर ऐका. बोलताना आपण मराठीतले बहुतेक अनुस्वार गिळून टाकले आहेत, कोंकणीत ते अर्थ बदलतात. ‘वतां’ म्हणजे मी जातो, ‘वता’ म्हणजे तो जातो. कोंकणी माणूस सर्वनाम सर्रास गाळतो. अनुस्वार ऐकू आला नाही तर कोण जातंय हेच कळत नाही.

तपासा: कुणाला तरी ‘ते’ आणि ‘तें’ आलटून पालटून म्हणायला सांगा. डोळे मिटून दहापैकी आठ ओळखता आले की निघा.

## ५. पहिला आठवडा: हुकूम ऐका, वाक्यं बोलू नका

सगळे इथे चुकतात. पहिल्याच दिवशी बोलायला जातात आणि मराठी वाक्याला ‘आसा’ (आहे) जोडून कोंकणी झाली असं समजतात. ही सवय लागली की सुटत नाही. पहिला आठवडा शिक्षकाने फक्त आज्ञा द्यायच्या आणि तुम्ही त्या पाळायच्या: यो, बस, राव, वच, हाड, व्हर, दी, धर, दार उकतें कर, दार धांप. हात-पाय हलले की शब्द बसतो.

माझा दुसरा दिवस. आजी परसात केळीखाली उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, ‘पळय, पळय!’ मी चप्पल टाकून धावलो, थेट विहिरीपर्यंत. मागे वळून पाहिलं तर आजी पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि केळीच्या नव्या कोक्याकडे बोट दाखवत होत्या. ‘पळय’ म्हणजे बघ. धावण्याला ‘धांवप’. त्याच दुपारी आतून आवाज आला, ‘उदक हाड!’ क्षणभर वाटलं, कुणी कुत्रं हाकलतंय. पाणी आण, एवढंच होतं ते.

जेवणाचं ताट हा या आठवड्याचा दुसरा वर्ग. भात म्हणजे ‘शीत’, मासळी म्हणजे ‘नुस्तें’, माशांची आमटी म्हणजे ‘हुमण’, सोबतीला काय हे विचारायचं तर ‘तोंडाक कितें?’ ताटात पडेल त्या प्रत्येक गोष्टीचं नाव विचारून मगच घास घ्या. दोन दिवस घरचे हसतात, तिसऱ्या दिवशी आपणहून नाव सांगत वाढतात.

तपासा: सातव्या दिवशी शिक्षकाने हातवारे न करता वीस हुकूम द्यावेत. अठरा जमले तर पुढे. नाही जमले तर आणखी तीन दिवस हेच करा. लाज वाटण्यासारखं यात काही नाही.

## ६. दुसरा ते चौथा आठवडा: या क्रमानेच

आता बोला, पण क्रम सोडू नका. प्रत्येक पायरीला तीन-चार दिवस द्या.

पहिली पायरी: आसा, ना, न्हय. नसणं म्हणजे ‘ना’, नव्हे म्हणजे ‘न्हय’. ‘घरांत कोणूच ना’, पण ‘हें म्हजें घर न्हय’. मराठीत दोन्हीकडे ‘नाही’ चालून जातं, म्हणून आपली गल्लत होते. ‘हे माझं घर आहे’ याला ‘हें म्हजें घर’ एवढंच पुरतं. मराठी माणूस तिथे ‘आसा’ चिकटवतो आणि लगेच ओळखू येतो.

दुसरी पायरी: जाय आणि नाका. हवं आणि नको. ‘म्हाका उदक जाय.’ ‘चड नाका.’ दिवसभर नुसतं एवढंच बोला. ‘जाय’ तोंडातून काढताना जा असं म्हणतोय वाटतं, तो संकोच याच चार दिवसांत संपला पाहिजे.

तिसरी पायरी: वचप आणि जावप. सगळ्यात घसरडी जागा ही. ‘जावप’ म्हणजे होणे, ‘वचप’ म्हणजे जाणे. घरी जातो हे ‘घरा वतां’. ‘काम जातलें’ म्हणजे काम होईल. मी एकदा शिंप्याकडे सदरा टाकला. तो म्हणाला, ‘फाल्यां जातलें.’ मला वाटलं, सदरा उद्या कुठेतरी दुसरीकडे शिवायला जाणार. दोन दिवस मी तिकडे फिरकलोच नाही, सदरा बिचारा तयार होऊन खुंटीला लटकत होता. भूतकाळात ‘गेलो’ आपल्यासारखंच आणि ‘झालं’चं ‘जालें’ होतं, त्यामुळे गोंधळ वर्तमान आणि भविष्यातच होतो. तेवढंच घोका.

चौथी पायरी: लिंग आणि शेवट. घोडा ‘घोडो’, आंबा ‘आंबो’, रस्ता ‘रस्तो’. हे लवकर बसतं. उलट एक सोय आहे: वर्तमानकाळात करतो-करते असा भेद नाही, बाईमाणूस आणि पुरुष दोघंही ‘हांव करतां’. आणि एक धक्का: तरुण मुलीबद्दल नपुंसकलिंगात बोलतात, ‘तें आयलें’. यात अनादर काडीचाही नाही. तसंच ‘बायल’. मराठीत हा शब्द गावंढळ वाटतो, इथे बायकोला साधा शब्द तोच. ‘तुजी बायल कशी आसा?’ असं कुणी विचारलं तर भुवया उंचावू नका.

पाचवी पायरी: भूतकाळ आणि नक्कीपणा. ‘मी मासळी आणली’ हे ‘हांवें नुस्तें हाडलें’. तिथे ‘हांव’ म्हटलं की चुकलं. भविष्यात ‘करतलों’ म्हणजे करणार, नक्की. ‘करीन’ म्हणजे जमलं तर बघू. मराठी कानाला ‘करीन’ पक्कं वाटतं. मी घरमालकिणीला एक काम ‘करीन’ म्हणून सांगितलं, तर त्यांनी ते दुसऱ्यालाही सांगून ठेवलं.

सावधान: रोज नवी पायरी मागू नका. शिक्षक उत्साहात पुढे गेले तर तुम्हीच थांबवा. ‘राव मात्सो’ हे त्यासाठीच आहे.

## ७. दिवस कसा बांधायचा

तास सकाळी ठेवा, कामाला जाण्याआधी. तासात नवी गोष्ट एकच. उरलेल्या वेळात काल घरात जे घडलं ते तुम्ही सांगायचं आणि शिक्षकाने ते बरोबर करून म्हणायचं, तेवढा भाग टिपून घ्यायचा. दोन-तीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण पुरे. जाता-येता बसमध्ये तेच पाच वेळा ऐका. तासाभराचं कुणीही पुन्हा ऐकत नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात जा. खोवणीवर नारळ खोवताना, मासळी निवडताना माणूस हाताने काम करतो आणि तोंडाने बोलत राहतो, त्याला उत्तराची घाई नसते. मला पहिलं लांब वाक्य आलं ते बांगडे साफ करताना. वहीतून ते कधीच आलं नसतं. वहीत रोज दहाच शब्द लिहा आणि मराठी अर्थाऐवजी तो शब्द कुठे ऐकला ते लिहा: ‘पयस – आजी, देवळाबद्दल’. पयस म्हणजे लांब. पैसे म्हणजे पयशे. जागा लक्षात राहिली की घोळ होत नाही.

खोलीत दार लावून बसण्याची सवय असेल तर ती सोडावी लागेल. पुढल्या सोप्यावर बसा. येणारा-जाणारा दोन शब्द टाकतोच.

## ८. दुसरा महिना: उंबऱ्याबाहेर

घरातल्या माणसांना तुमच्या चुकांची सवय होते. तुमची मोडकी कोंकणी त्यांना समजायला लागते आणि मग ती मोडकीच राहते. म्हणून आता बाहेर पडा, आधी मासळीबाजारात. ‘बांगडे कशे दिले?’ ‘वाटो कितल्याक?’ मासे विकणाऱ्या बाईला तुमच्या शिक्षणात रस नसतो. कळलं तर उत्तर देते, नाही तर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. तारले, सुंगटां, इस्वण, तिसऱ्यो ही नावं घोकून गेलात तर भाव करता येतो. म्हापशाचा शुक्रवारचा बाजारही त्यासाठी उत्तम, तिथे बार्देशचं वळण कानावर पडतं.

मग एखादा तियात्र बघा, मडगावच्या रवींद्र भवनात किंवा पणजीच्या कला अकादमीत. पहिल्या वेळी विनोद कळणार नाहीत. शेजारचे हसतात तेव्हा वेळ लक्षात ठेवा आणि घरी येऊन विचारा. वाचायला ‘भांगरभूंय’ हे कोंकणी दैनिक घ्या. अग्रलेख सोडा, गावातल्या बातम्या वाचा, मोठ्याने.

तपासा: फोनवर एक काम पूर्ण करा: गॅस सिलिंडरची चौकशी, डॉक्टरची वेळ, काहीही. समोरच्याने शेवटपर्यंत मराठी किंवा हिंदी सुरू केलं नाही, तर तुम्ही पास.

## ९. अडलं तर

*शिक्षक मराठीवर घसरतात.* तक्रार करू नका, फक्त कोंकणीत उत्तर देत राहा. तिसऱ्या वाक्याला तेही वळतात. रोजच होत असेल तर मराठीची पंधरा मिनिटं आठवडाभर बंद ठेवा.

*कुणीच चूक दाखवत नाही.* गोव्यातली माणसं पाहुण्याला टोकत नाहीत, ‘बरें उलयता तूं’ म्हणतात. घरातल्या मुलाला सामील करून घ्या, एका चुकीमागे एक चॉकलेट. आमच्याकडच्या सात वर्षांच्या पोराने पहिल्या दिवशी अकरा चॉकलेटं कमावली.

*तुम्ही त्याच मुलाची मराठीची शिकवणी घ्यायला लागला आहात.* हे हळूच होतं. अभ्यासात मदत जरूर करा, पण कोंकणीत बोलून.

*महिना झाला तरी तास नियमित होत नाहीत.* एकदा स्पष्ट बोला. आठवड्यात फरक पडला नाही तर शिकवणीचे पैसे थांबवा आणि दुसरा शिक्षक बघा. खोली तीच ठेवता येते, पैसे वेगळे ठरवले ते त्यासाठीच.

घर सोडून जायच्या आधी आठवड्यातला एक वार आणि वेळ फोनसाठी ठरवून घ्या. माझा रविवार संध्याकाळी सातचा आहे. फोन आजी उचलतात, पहिला प्रश्न ‘जेवण जालें?’ असतो, आणि मी चुकून ‘हो, झालं’ म्हटलं तर त्या फोन ठेवून देतात.